इंटरवलनंतरचा सिनेमा

‘हसू नको, अक्का. कवाड सुटंल.’

तिने अंधारात मला हे सांगितलं तेव्हा माझ्या पाठीवर दाराचं एक अख्खं कवाड होतं आणि कवाडावर माळवदाची ओली माती. माझे गुडघे जमिनीत रुतले होते, हात समोरच्या भिंतीला टेकले होते. मी जरा ढिली पडले असते तर माती आत आली असती, आधी माझ्यावर, मग तिच्यावर. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, तिचा पाय तुळईखाली. तिच्या पलीकडे माझी धाकटी जाऊ. ती मला दिसत नव्हती आणि माझा हातही तिथपर्यंत पोचत नव्हता.

आणि ही बाई मला सिनेमा सांगत होती. विनोदी.

ती कोण ते आधी सांगते. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, पण आमच्या हिच्याइतकी चांगली नसेल.

सोलापुरात गिरणीच्या मागच्या आमच्या गल्लीत घरोघरी बायका विड्या वळायच्या. गल्लीच्या टोकाला एक रिकामी माळवदी खोली होती. वर मातीचं धाबं, त्यामुळे उन्हाळ्यातही आत गार. मालक गावी राहायचा, किल्ली आमच्याकडे. दुपारी आपापलं सूप घेऊन आम्ही तिथे जमायचो. सुपात तंबाखू, मांडीवर कापलेली पानं, दाताखाली दोरा. हात चालू आणि कान मोकळे. त्या मोकळ्या कानांवर तिने राज्य केलं.

ती घरी तेलुगू बोलायची, बाहेर आमच्यासारखं मराठी, आणि सिनेमातलं हिंदी तर तिला दोन्हींपेक्षा बरं यायचं. नवरा मागावर चादरी विणायचा. अंगाने ती काडी. पण पदराखाली सूप खोचून, गाल फुगवून उभी राहिली की आम्हाला सिनेमातला जाड्या दिसायचा. तो जाड्या शिंकायचा तेव्हा आवाज खालून सुरू होऊन गिरणीच्या भोंग्यासारखा चढत जायचा आणि कोपऱ्यावरचा पानवाला तिथून ओरडायचा, ‘जपून गं, छप्पर पडंल!’

ती फक्त हसायचे सिनेमे बघायची. रडायचा सिनेमा लागला की टॉकीजकडे फिरकायची नाही.

‘रडायला तिकीट कशाला काढायचं? ते घरी फुकट मिळतंय की.’

हसायच्या सिनेमातही एखादं रडकं गाणं असतंच. ‘ते लागलं की मी भाईर जाऊन शेंगा घेऊन येती,’ म्हणायची. चांगलं गाणं असलं तर मात्र पुरं करायची. कात्री वाजवून ताल, सुपाच्या पाठीवर ढोलकी आणि नाकातून सनई. नाचायचीही. आम्ही तंबाखू सांडू नये म्हणून सुपं मागे ओढून घ्यायचो.

आता दोन्ही हातांनी अभिनय करणारीच्या विड्या कोण वळणार? आम्हीच वळायचो. जिला हसू आलं तिने एक विडी तिच्या सुपात टाकायची, अशी आमची रीत पडली होती. संध्याकाळी तिचं सूप आमच्याइतकंच भरलेलं असायचं. माझी मात्र त्यात एकही विडी नसायची. कारण मी हसायची नाही.

मला गंमत कळत नव्हती असं नाही. ती तोंडापर्यंत येत नसे, एवढंच. मी चौथी शिकलेली, थोरली सून, घरात माणसं फार. हसत बसायची सवयच नव्हती. तिला ते सहन व्हायचं नाही. जाड्याचं काम करता करता ती माझ्यासमोर येऊन थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची, दूध उतू जातंय का बघावं तशी.

‘तुला हसवल्याबिगर मी मरत न्हाय, अक्का.’

‘मग लई जगशील,’ मी म्हणायची.

हे आमचं रोजचं होतं.

विड्या घेणारा चेकर एकदा तिच्या विड्या हातात फिरवून म्हणाला, ‘बाई, एका सुपात इतक्या जणींचा हात कसा? ही घट्ट, ही सैल, ही डावखुरीची.’

‘सायेब, सिनेमात बी कैक मान्सं राबत्यात. नाव एकाचंच लागतंय न्हवं?’

चेकर हसला आणि माल घेतला. ती बाहेर आल्यावर मला म्हणाली, ‘बघ, सायेब हसला. तू काय सायेबापरीस मोटी हाईस का?’

दरवर्षी मुंबईला सिनेमावाल्यांना बक्षिसं मिळायची. ती बातमी भज्याच्या कागदावर नाहीतर रेडिओवर आमच्यापर्यंत यायची. तेव्हा ती खरोखर चिडायची. ‘बक्षीस रडणाऱ्याला, नाचणाऱ्याला, मारामारी करणाऱ्याला. आन हसवणारा? त्यो काय पंगतीतला वाढप्या हाय, समद्यांचं झाल्यावर जेवणारा?’ मग तिने आमचीच बक्षिसं सुरू केली. खोलीत तंबाखूचं एक पोतं उभं करायचं, तो नट. पानांच्या कातरणांचा हार त्याच्या गळ्यात घालायचा. मग पोतं भाषण करायचं, अर्थात तिच्या आवाजात. आईबापाचे आभार मानायचं, रडायला लागायचं आणि रडता रडता शिंकायचं. एका वर्षी तिने माझ्याच गळ्यात हार घातला. ‘ह्ये बक्षीस सगळ्यांत अवघड गिऱ्हाइकाला.’ सगळ्या लोळायच्या बाकी राहिल्या. मी हार काढून पोत्यावर टाकला आणि म्हटलं, ‘पानं वाया घालवू नका.’

तिची एक अडचण होती, ती तुम्हाला सांगायला हवी. ती तीनच्या खेळाला जायची, पण आमच्या नळाला पाणी साडेचारच्या सुमारास यायचं आणि पोरं लहान, तिच्या घरी भरणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे इंटरवलला दिवे लागले की ती टॉकीजमधून उठून थेट घागरीकडे पळायची. इतक्या वर्षांत तिने एकाही सिनेमाचा दुसरा अर्धा भाग पाहिला नव्हता. आम्हाला मात्र पुरा सिनेमा मिळायचा. इंटरवलनंतरचं सगळं तिचं स्वतःचं असायचं.

हे आम्हाला कळलं ते भांडण झाल्यावर. एकदा सणाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या मिळून, तिने आधीच सांगितलेला एक सिनेमा बघायला गेलो. जाड्या विहिरीत पडतो आणि विहिरीतून सासऱ्याशी लग्नाची बोलणी करतो, तेवढ्यासाठी गेलो होतो. सिनेमा संपला, विहीर आलीच नाही. बायकांच्या दारावरच्या डोअरकीपरला आम्ही घेरलं. मीच पुढे होते.

‘विहीर कुटं गेली?’

‘कुठली विहीर? ह्या सिनेमात विहीर न्हाई, बाई.’

‘कापलीस की रं! पुरं तिकीट घेतोस आन विहीर कापतोस?’

तो बिचारा आत जाऊन मशीनवाल्याला विचारून आला. मग आम्ही गल्लीत येऊन तिला धरलं. ती शांतपणे घागर घासत होती.

‘विहीर मी घातली. दुसरा अर्धा मी कुटं बघितलाय? नळाला पानी येतं की.’ आणि वर मलाच विचारलं, ‘पन खरं सांग, अक्का, विहिरीबिगर त्यो सिनेमा बरा वाटला का?’

नव्हता वाटला. मी तसं बोलले नाही.

ती सिनेमातल्यांचेच नाही, गल्लीतल्या माणसांचेही आवाज काढायची. त्यातही हसणं. प्रत्येकीचं हसणं तिला पाठ होतं. माझी धाकटी जाऊ करमाळ्याकडची, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. तिचं हसणं सगळ्यांत वेगळं. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलायचे. मग उचकी लागायची, एक, दुसरी. आणि शेवटी लांब ‘अगं बाई गंऽ’. ती हसली की सिनेमा थांबायचा आणि सगळ्या तिलाच हसायच्या. एकदा सकाळी मला मोरीतून ते हसणं ऐकू आलं. मी चुलीपाशी होते. मी ओरडले, ‘आत काय खिदळत बसलीस? पीठ मळायचंय!’ तर धाकटी माझ्या मागेच उभी, हातात परात. मोरीच्या पलीकडच्या गल्लीतून नक्कल करणारी ती पळून गेली, पाय वाजवत. धाकटी त्यावर इतकी हसली की पीठ सांडलं.

त्या पोरीवर मी ओरडायची फार. माहेरची आठवण आली तर तिला माझ्याशेजारी झोपवायचीही मीच.

आता त्या दिवसाकडे येते.

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. माळवदाची माती तापून फुटली होती, भेगांत बोटं जायची. पाऊसच नाही म्हणून वर कोणी नवी माती टाकली नव्हती. मग त्या वर्षी परतीचा पाऊस लागला तो थांबेना. भेगांतून पाणी आत मुरत गेलं. आम्हाला वर काय झालंय ते कळलं नाही, कारण खोली गळत नव्हती. गळली असती तर आम्ही तिथे बसलो नसतो.

दुपारी बाकीच्या बायका विड्या द्यायला गेल्या. आम्ही तिघी मागे राहिलो. धाकटीला आधी ताप होता, तिचा एक सिनेमा बुडाला होता. ‘मावशी, मला पहिल्यापासनं पायजे,’ असा तिने हट्ट धरला. मी माझं सूप घेऊन दारापाशी बसले होते. सिनेमा नुकताच सुरू झाला होता. लग्नात वाजवणारा एक जाडा बँडवाला, त्याला वाजवता वाजवता झोप लागते, असं काही होतं. तेवढ्यात तिच्या सुपात वरून माती पडली. तिने वर बघितलं आणि म्हणाली, ‘तंबाखूत माती कोन टाकतंय गं?’

मग सगळं माळवद खाली आलं.

आवाज झाला तो मला आठवत नाही. आवाज थांबला ते आठवतं. नाकातोंडात माती आणि तंबाखू. दाराचं कवाड निखळून माझ्या पाठीवर आडवं पडलं होतं, म्हणून मी वाचले होते. मोठी तुळई एका बाजूने भिंतीवर अडकली होती, म्हणून मधे थोडी जागा राहिली होती.

मी आधी धाकटीला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली.

‘हाय, हाय,’ ती मधून म्हणाली. ‘हितं माज्याजवळ हाय. तिच्या तोंडात माती गेलीया. मीच म्हनलं बोलू नको, श्वास घे.’

‘तिचा हात धर,’ मी म्हटलं.

‘धरलाय.’

मी रडायला लागले असते. माझी पाठ जरा सैल पडली आणि लगेच मानेवरून माती घसरली. ती घसरलेली तिलाही कळली.

‘अक्का, कवाड सोडू नको. गल्ली आता येतीया. ऐक, त्यो बँडवाला झोपला का न्हाय, तर काय झालं...’

आणि तिने सिनेमा जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला.

मी म्हटलं, ‘तुला लाज वाटते का?’

‘न्हाय. पुढं ऐक.’

बँडवाल्याला जाग आली तेव्हा तो भलत्याच लग्नघरात होता. तिने त्याची जांभई काढली. नवरीच्या बापाचा आवाज काढला. आणि तिच्या पलीकडून, अंधारातून, उचकी आली. एक, दुसरी. मग बारीक आवाजात ‘अगं बाई गंऽ’.

माझ्या हातापायांत जोर आला. हसतेय म्हणजे जिवंत आहे. मी गुडघे घट्ट रोवले.

किती वेळ गेला मला माहीत नाही. इंटरवल आला तेव्हा ती म्हणाली, ‘इंटरवल. आता नळाला पानी आलं असंल.’ आणि थांबली. तिच्या तोंडून कण्हणं ऐकू आलं. पाय दुखत असणार. ती थांबल्यावर तिथे फार शांत झालं.

‘पुढं सांग,’ मी म्हटलं. त्या बाईला मी पहिल्यांदाच पुढचं विचारलं होतं.

मग तिने तिचा दुसरा अर्धा काढला. नवरीचा बाप बँडवाल्याला सांगतो, लग्न लागेपर्यंत हे दार धरून उभा राहा, कोणाला आत सोडू नको. जाड्या दाराला पाठ लावतो. बाहेरून पाहुणे येतात, तो उघडत नाही. आचारी येतो, उघडत नाही. भटजी येतो, ‘अरे, माझ्याबिगर लगीन कसं लागंल?’ ‘लागल्यावर या!’ शेवटी नवरदेव स्वतः घोड्यावरून येतो. ‘दार उघड, मी नवरा आहे!’ आणि जाड्या आतून म्हणतो, ‘समदे तसंच म्हनत्यात!’

पलीकडे उचक्या लागल्या होत्या. आणि माझ्या पोटातून काहीतरी वर येत होतं. मी ओठ दातांनी धरले.

तेव्हाच तिने ते सांगितलं. ‘हसू नको, अक्का. कवाड सुटंल.’

‘मी नाही हसत.’

‘कवाड हाललं.’

‘चिखल सरकला,’ मी म्हटलं.

वरून माणसांचे आवाज आले. पण लांबून, मागच्या भिंतीकडून. ती माणसं भलतीकडे खणत होती. मी ओरडले, पण छातीवर जोर होता, आवाज निघेना. तिने मोठा श्वास घेतला आणि जाड्याची शिंक काढली. भोंग्यासारखी, खालून वर. मग दुसरी, आणखी मोठी.

वर पानवाला ओरडला, ‘ती शिंक तिची हाय! दारापाशी! हितं खणा रं, हितं!’

गिरणीची पाळी सुटली होती. माणसं घमेली, खोरी घेऊन तशीच आली होती. आधी माझ्या पाठीवरचं कवाड उचललं. मी सरळ उभी राहू शकले नाही. मी म्हटलं, ‘आत दोघी आहेत, नीट काढा, धाकटीच्या तोंडात माती गेलीय.’ मग तुळई उचलून तिला काढलं. तिचा पाय वाकडा लोंबत होता आणि ती काही बोलत नव्हती. तीच, जी आतापर्यंत थांबली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मग धाकटीला काढलं. एकाने झाकायला पोतं मागितलं.

मी सगळ्यांना सांगत सुटले, ‘आत्ता हसत होती! आत्ताच हसत होती!’ दिरालाही तेच सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, तुळई छातीवर आली, पोरगी तिथल्या तिथे गेली. मी त्याच्याशीही भांडले.

मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, तिच्या खाटेपाशी बसल्यावर. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. मी विचारलं, ‘तू तिचा हात धरला होतास ना?’

‘व्हय.’

‘मग?’

तिने प्लास्टरचा सुटलेला धागा बोटांत घेऊन विडीसारखा वळला.

‘कुनी तरी हसायला पायजे हुतं का न्हाय, अक्का? तू तर हसत न्हाईस.’

मी उठायला लागले, तिने माझा पदर धरला.

‘सांगितलं असतं तर तू कवाड सोडलं असतंस.’

सोडलं असतं. हे मी तिला तेव्हाच सांगितलं. खोटं कशाला बोलायचं?

मी तिच्यावर चिडले का? चिडले. महिनाभर बोलले नाही. पण तिचं पाणी मीच भरत होते, कारण तिला घागर उचलता येत नव्हती. पुढेही ती लंगडीच राहिली आणि पाणी आम्ही आळीपाळीने भरत राहिलो. त्यामुळे ती आता सिनेमे शेवटापर्यंत बघू लागली. बघून यायची आणि नाक मुरडायची. ‘इंटरवलनंतर ह्यांना काय सुचतच न्हाय.’ मग पुन्हा स्वतःचंच सांगायची. आम्ही आता पत्र्याच्या खोलीत बसत होतो. उन्हाळ्यात भाजून निघायचो.

सगळ्यांचे आवाज ती पूर्वीसारखे काढायची. धाकटीचं हसणं मात्र नाही. दिराने दुसरं लग्न करण्याआधी एकदा तिच्या दारात येऊन विचारलं. मी तिथेच बसले होते. ‘वहिनी म्हणते तुम्हाला तसंच्या तसं येतं. एकदा ऐकवा.’ मोठा माणूस, हात जोडून उभा.

ती म्हणाली, ‘न्हाय दादा. ते तिचं हाय. त्या दिशी मला लागलं म्हनून घेतलं. आता परत न्हाय घेनार.’

दीर गेला. ती आत जाऊन भांडी घासू लागली, घासलेलीच.

माझ्यावरची तिची पैज मात्र तिने सोडली नव्हती. म्हातारपणीसुद्धा भेटली की सुरू. ‘कवाड हाललं हुतं, अक्का. तू हसलीस. कबूल कर.’

‘चिखल होता.’

‘चिखलाला खांदे असत्यात का?’

मी कबूल केलं नाही. तिची पैज पुरी झालेली मला नको होती.

पुढे तिची मुलं कामासाठी भिवंडीला गेली आणि तिला घेऊन गेली. जाताना टेम्पोत सामानावर बसली होती, पाय लांब करून. टेम्पो वळला तेव्हा कोपऱ्यावरून शिंक ऐकू आली. ती तिकडेच वारली. मला दिवस होऊन गेल्यावर कळलं. आता टीव्हीवर जुने हसायचे सिनेमे लागतात. नातवंडं मला बसवतात. मी इंटरवलपर्यंत बघते आणि उठते.

त्या माळवदाखाली आम्ही तिघी होतो. धाकटी गेली. ती आणि मी, दोघी जगलो.